कोऱ्या बाटलीतलं विरजण

सातव्या खळग्याभोवती वर्तुळ होतं.

तिने प्लेट खिडकीशी नेली, उजेडात धरली, तिरपी केली, परत सरळ केली. वर्तुळ जागचं हललं नाही. तळहातात मावणाऱ्या त्या चकतीवर जंतूंचा दाट थर धरला होता, थंडीत काचेवर फुंकर मारली की धुकं धरतं तसा, आणि त्या धुक्यात सात ठिकाणी बारीक खळगे पाडलेले होते. सहा खळग्यांत सहा घरांच्या दह्यांतले जिवाणू वाढवून, मग ते जिवाणू गाळून टाकून उरलेलं पाणी. आंबटपणासुद्धा मारून घेतलेला, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की जंतू आंबटाला भ्यायले. सातव्यात नुसतं कोरं पोषक पाणी, त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेलेलं, पण ज्यात कोणाच्या घरचं काहीही कधी पडलेलं नाही असं. ते ठेवायचं एवढ्याचसाठी की काही घालत नाही तिथे काही होत नाही, हे दिसावं. सहांपैकी दोन खळग्यांभोवती, नाही म्हणायला, किंचित उजळ कडं होतं. आणि सातव्याभोवती कोटाच्या गुंडीएवढी लख्ख, स्वच्छ, काचेसारखी जागा. जंतू तिथवर येऊन थांबले होते. दारात चपला बघून पाहुण्याने पाऊल मागे घ्यावं तसे. तिने जोडीची दुसरी प्लेट काढली. तिथेही तेच.

शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याने मान लांब केली. "काय वहिनी, आज दर्शन लांबलं?" रोज सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी ती क्षणभर डोळे मिटायची, त्याला तो दर्शन म्हणायचा. ती त्या वेळी मागायची काही नाही, नुसती हजेरी लावायची. वर्षानुवर्षांचा नेम होता, मोडला तर दिवसभर हात दुसऱ्याचे वाटायचे. "काही नाही," ती म्हणाली आणि प्लेटवर झाकण ठेवलं. झाकण ठेवताना आपण काहीतरी लपवतोय असं वाटलं, म्हणून परत काढलं. चष्मेवाला तेवढ्यात उठून आला, वाकला, आणि त्याची शीळ निम्म्यात विरली. "ही कोरी आहे?" "हो." "तुमच्या हातची?" तिने मान हलवली. "मग जगबुडी जवळ आली," तो म्हणाला. चेष्टेतच, पण लगेच आपल्या टेबलाशी गेला, मोठ्याने एखाद्याची झाकली बाब बोलून बसावं तसा.

कारण तिचं नाव होतं. या इमारतीत तिला 'निर्जंतुक वहिनी' म्हणत. नव्या मुली आल्या की त्यांना आधी तिच्यामागे उभं करत, बाटलीचं बूच कसं काढायचं, ज्योतीजवळून हात कसा फिरवायचा, श्वास कुठे सोडायचा, हे बघायला. तिच्या प्लेटा बिघडत नसत. दुसऱ्यांच्या बिघडल्या की तिला बोलावणं यायचं, आणि ती कोणाला टाकून न बोलता पुन्हा करून दाखवायची. शेजारच्या इस्पितळात जखमांमध्ये घर करणारा एक जंतू होता, औषधांना भीक न घालणारा. त्याला घरच्या दह्यातला एखादा जिवाणू आवर घालू शकतो का, हे शोधायचं काम लॅबच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, दही गोळा कोणीही करेल, पण नळ्या मात्र वहिनींच्या हातात. त्या एका वाक्यावर तिने अख्खा हिवाळा काढला होता. आणि आता कोरीभोवती वर्तुळ. याचा अर्थ कालची नवशिकीही सांगेल: करणाऱ्याचे हात स्वच्छ नाहीत. आणि हात स्वच्छ नाहीत तर त्या सहा घरांचं खरं कशावरून, त्याआधीच्या घरांचं खरं कशावरून, हिवाळाभराचं एकही वर्तुळ खरं कशावरून.

ती स्टुलावर बसली आणि काल आठवायला लागली. काल आठवताना माणसाला वाटतं की सगळं एका दोरीवर वाळत घातलेलं असेल, एक एक काढून घडी करू. पण दोरीवर भलतेच कपडे निघतात. तिला बाटल्या आठवायच्या होत्या आणि आठवलं सासूबाईंचं काल सकाळचं वाक्य. दह्याच्या भांड्यावरची ताटली उचलून त्यांनी आत पाहिलं, भांडं जरा कलतं केलं, कडेने हिरवट पाणी ओघळलं. "परत पाणी सुटलंय," त्या म्हणाल्या. रागाने नाही. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुझ्या हातून लागत नाही गं. असतं एकेकाचं." आणि ताटली परत ठेवली, हलकेच, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशी.

लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या स्वयंपाकघरात सगळं करायची मुभा होती. भाकरी, पोळी, भात, आमटी, काय वाटेल ते. डबे तिने आपल्या सोयीने लावले, त्यावर कोणी ब्र काढला नाही. फक्त रात्रीचं दूध सासूबाईंचं. दूध निवायला ठेवून त्या समोर बसायच्या. मग करंगळी बुडवून बघायच्या, त्याच करंगळीच्या टोकावर कालच्या दह्याचा कण घ्यायच्या, दुधात फिरवायच्या आणि बोट थोडा वेळ तसंच आत ठेवायच्या. चमचा नाही. आणि तेवढा वेळ तोंडातून शब्द नाही. कोणी हाक मारली तरी नाही, फोन वाजला तरी नाही. एकदा तिने विचारलं होतं, का हो आई? तर म्हणाल्या, "बडबडीने दूध बिथरतं." तिच्या डोक्याने लगेच हिशेब लावला, बोलताना तुषार उडत असतील, तोंडातले जिवाणू पडत असतील, म्हणून. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. कोणी हात जोडून उभं असावं आणि आपण त्याच्या टाचांवरच्या भेगा मोजाव्यात, तसं काहीतरी केल्यासारखं. ते विरजण सासूबाईंना त्यांच्या सासूकडून आलेलं. घरं बदलली, गावं बदलली, सामान ट्रकमधून गेलं, पण विरजणाची वाटी प्रत्येक वेळी सासूबाईंच्या मांडीवर. नवरा लहानपणचं सांगायचा: मी मागच्या सीटवर, वाटी पुढच्या.

एकदा, फार पूर्वी, नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई गेल्या असताना तिने दही लावलं होतं. चमच्याने, तापमान मोजून. तिने तेव्हा नुकतीच नोकरी धरली होती आणि थर्मामीटरवर तिची श्रद्धा होती. दही आलं तार सुटलेलं, चिकट. सासूबाई परत आल्या, त्यांनी चव घेतली, आणि वाटीभर संपवलं. "असू दे," म्हणाल्या. त्या 'असू दे'चा काटा इतक्या वर्षांत निघाला नव्हता. गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले, दूध भांड्याबाहेर सांडायला लागलं, तेव्हा एका रात्री त्यांनी न बोलता भांडं तिच्यापुढे सरकवलं. तेव्हापासून तिची करंगळी. तेवढा वेळ गप्प राहणं तिला जड गेलं नाही, ती मुळातच कमी बोलणारी. उलट ते तिला आवडायला लागलं, दिवसाचा एवढा एक तुकडा कोणाचंच देणं नसलेला. पण दही सैल लागायचं. रोज सकाळी ताटली उचलायची आणि रोज सासूबाई काही तरी म्हणायच्या, किंवा म्हणायच्या नाहीत.

आणि त्याच सासूबाईंनी नमुना द्यायला नाही म्हटलं होतं. घरोघर हिंडून दही गोळा करणं चाललं होतं तेव्हा तिने विचारलं होतं, आई, आपल्या विरजणातलं थोडंसं नेऊ का तपासायला?

"तपासायला? त्याला काय धाड भरलीय?"

"आजारी नाही हो. त्यातले गुण बघायचेत."

"गुण बघायला ती काय मुलगी आहे? इतकी वर्षं पोटात घालतोय, तेव्हा दिसले नाहीत गुण?"

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "आई, ही तुझ्या दह्याला परीक्षेला बसवतेय."

"बसवू दे दुसऱ्यांच्याला. माझं नापास झालं की तुम्ही उद्यापासून दुकानातलं आणाल." आणि हसल्या. पण हसताना हात मांडीखाली घातले, थरथर दिसू नये म्हणून. त्यावर तिने पुन्हा विषय काढला नाही. एखाद्याकडे एकच गोष्ट उरलेली असते, ती तराजूत टाक असं त्याला सांगू नये.

चष्मेवाल्याने चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. त्याचं असं असायचं, तोंड तिखट आणि हात मऊ. चहा पिता पिता तिला अंगठा आठवला. काल संध्याकाळी बारीक गाळणीतून पाणी गाळताना सिरिंज दाबायची होती, सहा वेळा अंगठ्याला जोर लागला होता. जिवाणू गाळणीत अडकतात, म्हणून लागतो. कोरीला लागायला नको. नुसतं पाणी, सरकन जायला हवं. पण सातव्या वेळीही अंगठा दुखला होता. तिला वाटलं होतं, थकला. बाटल्या तपकिरी काचेच्या, आतलं गढूळ की निवळ ते बाहेरून कळत नाही. गाळून उरलेलं अजून फ्रिजमध्ये होतं. ती उठली. कोरीची बाटली काढली, ज्योतीजवळ धरली, बूच सैल केलं, आणि मग तिने ते केलं जे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी करू नका म्हणून सांगायची. नाकाशी नेली.

वास आला. हलका, आंबटगोड, तळाशी किंचित भाजल्यासारखा. काल-परवा घासलेल्या ओट्याचा, निवत्या दुधाचा, दिवा मालवल्यानंतरच्या स्वयंपाकघराचा वास. सहाही घरांच्या बाटल्यांचे वास तिला पाठ होते, हा त्यांतला नव्हता. डोळे बांधून हजार घरांतून नेलं असतं तरी या वासापाशी ती चपला काढून आत गेली असती. आणि वासाबरोबर काल परत आला, अख्खा, घडी घातलेला. सकाळची वेळ, कोमट पाण्याच्या टबात सात बाटल्या. सहांमध्ये सहा घरांचा एकेक थेंब घालून झाला होता. सातवी राहिली होती. त्या बाटलीत काही घालायचं नव्हतं. डोक्यात चाललं होतं, तुझ्या हातून लागत नाही गं, असतं एकेकाचं, तुझ्या हातून लागत नाही. खोलीत कोणी नव्हतं, ती गप्प होती, समोर उबदार, दुधासारखं वाट पाहणारं काहीतरी होतं. हातमोजा फाटला म्हणून उजवा काढून ठेवलेला, नवा घालायचा होता. आणि हाताला बाटली रिकामी सोडवली नाही. करंगळी आत गेली, फिरली, थोडा वेळ थांबली. मग तिने बूच लावलं, नवा मोजा चढवला, आणि कामाला लागली. डोक्याला पत्ताच नाही. हाताने आपलं रात्रीचं काम दिवसा उरकलं होतं.

तिने बाटली खाली ठेवली आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या मुठीत धरली. घाबरायला हवं होतं. हिवाळा गेला होता, नाव गेलं होतं, उद्यापासून चष्मेवाला तिला काय म्हणेल याची तीन-चार नावं तिला आताच सुचत होती. ती घाबरलीही. पण त्या भीतीच्या आतून दुसरंच काहीतरी वर येत होतं, दूध उतू जाण्याआधी कडेने फुगतं तसं, आणि तिला ते ओळखायला वेळ लागला, कारण असलं काही तिला फारसं झालेलं नव्हतं. नळाखाली घासून, साबण लावून, स्पिरिटने पुसून आलेल्या या बोटाच्या नखाच्या कडेला, कातडीच्या बारीक रेघांत, ते बसून होतं. गेलं नव्हतं. रोज रात्री एकेक कण करत त्याने तिथे बिऱ्हाड केलं होतं. आणि ते सहाही घरांपेक्षा जोमाने लागलं होतं. सैल नाही, तार सुटून नाही. असं लागलं होतं की इस्पितळाच्या औषधांना न जुमानणारा जंतू त्याच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. कोणाच्या हातून? तिने डोळे मिटले. गर्व करू नये, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती रोज मनात तेवढं म्हणून मगच अन्नाला हात लावायची. आज ती एवढंच म्हणाली, देवा, आजच्या दिवस राहू दे.

मग ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "बाई, काल कोरीत माझं बोट गेलं."

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "मोज्यासकट?"

"नाही. उघडं."

"तुमचं? वहिनी, तुमचं बोट?"

"करंगळी."

"शुद्धीत होतात ना?"

"होते. पण घरी होते, असं म्हणा."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "सगळं परत," त्या म्हणाल्या. "पहिल्या घरापासून. नवं पाणी, नव्या बाटल्या, आणि शेजारी दुसरं कोणीतरी उभं राहील. कळतंय ना, हिवाळ्याचं काम पाण्यात गेलं?" ती हो म्हणाली. "मग चेहरा असा का? लग्नघरातून आल्यासारखा?" तिने प्लेट पुढे केली. मोठ्या बाईंनी ती दिव्याशी धरली, बराच वेळ धरली. "एका प्लेटवर काही झालं म्हणून इस्पितळात कोणी बरं होत नसतं," त्या म्हणाल्या. "नाही होत." "शंभर वेळा करावं लागेल. तरी कदाचित काही निघणार नाही." "हो." मोठ्या बाईंनी प्लेट परत उजेडात फिरवली. "पण सुरेख आहे हो," त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, आणि मग, "बोटावर हे आलं कुठून?"

"सासूबाईंच्या भांड्यातून."

"मग भांड्यातून रीतसर आणा. त्यांना विचारून. न विचारता आलेल्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही, ही बाटलीही फेकायची. देतील त्या?"

"एकदा नाही म्हणाल्यात."

"मग विसरा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि चष्मा खाली घेतला. पण प्लेट त्यांनी तिच्या हातात परत दिली ती दोन्ही हातांनी.

घरी जाताना तिने हात पदराखाली धरला होता, कोणी धक्का देईल म्हणून. रस्ता तोच, दुकानं तीच, चढावरचा दिवा आजही मिचमिचत होता. विचारायचं कसं याची तिने चार वाक्यं जुळवली आणि जिना चढता चढता चारही विसरली. नवरा अजून आला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, ओट्यावर दूध निवत होतं.

"आई," ती म्हणाली, "तुमचं विरजण लॅबमध्ये गेलं."

सासूबाईंनी मान वळवली. "चोरलंस?"

"नाही हो. आपोआप गेलं."

"आपोआप काही जात नाही. पाय आहेत का त्याला?"

मग तिने सांगितलं. बाटल्या, कोरं पाणी, करंगळी, जंतू, वर्तुळ. सगळं एका दमात, इतकं ती कधी बोलली नव्हती. सासूबाई ऐकत होत्या, कपाळाला आठ्या घालून, आणि मध्येच म्हणाल्या, "मारले? माझ्या दह्याने? अगं, मी पोरांना घातलं ते!"

"वाईट जंतू, आई."

"त्यांना वाईट-चांगलं कळतं?"

"ते माहीत नाही. पण बाकी सहा घरांच्या दह्यांना एवढं जमलं नाही."

सासूबाईंच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं, आणि त्यांनी ते लपवायला पदराने ओठ पुसले, हात परत मांडीखाली घातले. "म्हणजे पास," त्या म्हणाल्या.

"पहिलं आलं. पण मोजायचं नाही म्हणतात. न विचारता बसवलं ना परीक्षेला. तुम्ही दिलंत तर परत करायचं, पहिल्यापासून. नाही दिलंत तर..." तिला पुढचं म्हणवेना. "नाही दिलंत तरी चालेल मला."

ते खोटं होतं हे तिला बोलतानाच कळलं आणि सासूबाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या दुसराच विचार करत होत्या. "भांड्यातून नाही गेलं म्हणालीस," त्या म्हणाल्या.

"नाही. बोटावरून."

"साबणाने धुतलेल्या?"

"साबणाने. स्पिरिटनेसुद्धा."

"कोणाच्या बोटावरून?"

"माझ्या, आई."

"कुठलं? दाखव."

तिने करंगळी पुढे केली. सासूबाईंनी मांडीखालचे हात बाहेर काढले. ते थरथरत होते, आणि आज त्यांनी ते थरथरू दिले. दोन्ही हातांत तिचं बोट धरून त्यांनी उजेडाकडे वळवलं, नखाची कड पाहिली, पेरं पाहिली, चष्मा न लावता जेवढं दिसतं तेवढं. मग बोट नाकाशी नेलं.

"लागलं म्हणायचं तर," सासूबाई म्हणाल्या.

बोट सोडून त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर जोर दिला आणि उठल्या. "छोट्या झाकणाची डबी आहे फळीवर, तिच्यातून ने. काचेचं काही दिलंस त्यांना तर परत येत नाही. आणि डबी परत आण." दारापर्यंत गेल्या. गेलं वर्षभर ती दही लावायची तेव्हा सासूबाई त्या खुर्चीवरून उठत नसत. बोट किती वेळ आत आहे ते बघत बसायच्या. आज त्या वळल्या नाहीत. "दूध निवतंय," बाहेरून त्यांचा आवाज आला, "गार होऊन जाईल, लाव," आणि मग बाहेरच्या खोलीतली वेताची खुर्ची करकरली, त्या तिथे बसल्याची.

तिने दुधावर वाकून पाहिलं. काही तरी म्हणावंसं वाटलं, ओठांपर्यंत आलंही. पण बोलायची वेळ संपली होती. तिने करंगळी दुधात बुडवली.